वणव्यातून किती धूर निघाला? सॅटेलाइटच्या डेटावरून हिशोब असा लावा

फेब्रुवारी सरत आला की गडचिरोली, मेळघाट, सह्याद्रीचे डोंगर, सगळीकडे वणवे सुरू होतात. कुठे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, कुठे नवं गवत चांगलं फुटावं म्हणून डोंगर पेटवतात, आणि मग आग कोणाच्या हातात राहत नाही. बातमीत किती हेक्टर जळालं ते येतं, पण खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकरांच्या छातीत किती धूर गेला ते कुठेच येत नाही. म्हणून हा हिशोब आपणच शिकून घ्यायला हवा, एक्सेल येत असेल तर पुरेसं आहे.

नासाच्या फर्म्स या आगींची नोंद ठेवणाऱ्या साइटवरून आपल्या जिल्ह्याचा, आपल्या तारखांचा डेटा फुकट डाउनलोड होतो. मॉडिस आणि व्हिअर्स हे सॅटेलाइटवरचे आग टिपणारे सेन्सर, त्यातलं मॉडिस नको, व्हिअर्स घ्या. मॉडिसचा पिक्सेल १ किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा, आणि आपल्याकडची आग बऱ्याचदा पाल्यापाल्यातून सरकणारी बारीक रेघ असते, ती मॉडिसला दिसतच नाही. फाइलमधली एकेक ओळ म्हणजे आग दिसलेला एकेक पिक्सेल, आणि वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, ७५८ लिहिलंय म्हणजे ७:५८, त्यात साडेपाच तास मिळवा, झाले दुपारचे १:२८. कॉन्फिडन्स, म्हणजे ती आगच असल्याची खात्री, लो असलेल्या ओळी काढून टाका. एकाच जागी महिनोन्‌महिने टिंब येत असेल तर तो वणवा नाही, कारखाना किंवा कोळसा खाण असणार, तेही काढा.

आता खरा कॉलम एफआरपी, म्हणजे आग त्या क्षणी किती उष्णता फेकतेय, मेगावॉटमध्ये. इथेच बहुतेक जण चुकतात, सगळ्या ओळींची बेरीज मारून मोकळे होतात. व्हिअर्स तीन सॅटेलाइटवर आहे, सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१, आणि तिन्ही दुपारी थोड्या थोड्या अंतराने त्याच आगीवरून जाऊ शकतात. एकाच फेरीतल्या शेजारच्या पिक्सेलची बेरीज करायची, पण वेगवेगळ्या फेऱ्यांची सरासरी घ्यायची, नाहीतर एकच आग तीनदा मोजली जाते.

पुढे वेळ. समजा दुपारी १२ मेगावॉट दिसले आणि गावकरी सांगतात आग तीन तास चालली. आग सगळा वेळ तेवढ्याच जोरात नसते म्हणून सरासरी ६ धरा. ६ गुणिले १०,८०० सेकंद, म्हणजे ६४,८०० मेगाज्यूल. २००५ साली शास्त्रज्ञ मार्टिन वूस्टर आणि सहकाऱ्यांनी गवत जाळून, त्याचं घटत जाणारं वजन आणि उष्णता सोबतच मोजून एक आकडा काढला, एका मेगाज्यूलमागे ०.३६८ किलो सुकं इंधन जळतं. त्याने गुणलं की साधारण २४ टन. जंगलाच्या आगीत जळालेल्या किलोमागे साधारण ९ ग्रॅम पीएम २.५, म्हणजे धुरातले अतिबारीक कण, निघतो, गवताळ माळावर ७ च्या आसपास, म्हणजे एवढ्याशा वणव्यातून दोनशे किलोच्या वर बारीक कण! कार्बन मोनॉक्साइडला ९३ ग्रॅम धरा, तो सव्वादोन टन होतो.

वेळेचा अंदाज फार महत्त्वाचा, कारण तीनऐवजी सहा तास धरले की उत्तर सरळ दुप्पट. म्हणून आग किती वाजता लागली, कधी विझली हे वनरक्षकाला किंवा गावात फोन करून विचाराच, त्याची सर कुठल्याच सॅटेलाइटला नाही. आणि दाट झाडीखालची आग वरून कमी दिसते, ढगाखालची दिसतच नाही, तेव्हा आकडा बहुतेक वेळा कमीच येतो.

पडताळायला सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी लावा, काळा पट्टा स्पष्ट दिसतो. हेक्टरी साधारण पाच टन पाला धरला तर २४ टनांना पाचेक हेक्टर जळायला हवं. पट्टा पन्नास हेक्टरचा निघाला तर आपला हिशोब कुठेतरी गंडलाय, पुन्हा वेळेपासून सुरू करा. आणि लिहिताना एकच आकडा लिहू नका, १०० ते ४०० किलो बारीक कण असं लिहा, आग किती तास धरली तेही शेजारी लिहा.