ब्लू स्क्रीन सारखा येतोय? फॉरमॅट मारायच्या आधीची तयारी

कॉम्प्युटर आठवड्यातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होतोय, फाईल उघडताना अडकतोय, मधेच एखादी पीडीएफ करप्ट निघतेय, असं होत असेल तर कृपा करून लगेच फॉरमॅट मारू नका. आधी रॅम (मशीन चालू असताना काम चालतं ती तात्पुरती मेमरी) आणि हार्ड डिस्क तपासा. माझ्या मामांचं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका वगैरे, त्यांच्या मशीनला दोन महिन्यांत दोनदा दुकानातून फॉरमॅट मारून आणला आणि तरी तुळशीच्या लग्नानंतर ऐन सीझनमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. शेवटी खराब निघाली रॅमची एक स्टिक, म्हणजे पट्टी. तोपर्यंत सेव्ह केलेल्या कितीतरी फाईली आतून बिघडल्या होत्या आणि तेच मला जास्त लागलं, कारण मशीन बदलता येतं, केलेलं काम परत येत नाही.

म्हणून तपासणीला बसायच्या आधी काय काय हाताशी ठेवायचं ते सांगतो. शनिवार-रविवार मोकळा ठेवा, कारण रॅमची टेस्ट रात्रभर चालते आणि मोठ्या डिस्कची पूर्ण टेस्टही काही तास खाते. एक रिकामा पेन ड्राईव्ह लागेल, टेस्टचं सॉफ्टवेअर टाकताना तो पूर्ण पुसला जातो म्हणून त्यात फोटो वगैरे नाहीत ना बघून घ्या. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क बॅकअपला, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, साधा पांढरा खोडरबर, एक कोरडा ब्रश, मोबाईल चार्ज केलेला, आणि वही-पेन. वही म्हणजे खरोखरची वही, कारण मशीन बंद असताना त्यातली नोटपॅड फाईल तुम्हाला दिसणार नाही. डेस्कटॉपला जमलं तर एक जास्तीची साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, आणून ठेवा, स्वस्तात मिळते आणि पुढे कळेल का ते.

वहीत पहिल्यांदा लिहायचं ते म्हणजे एरर कधी येतो आणि स्क्रीनवर काय लिहिलेलं असतं. मोबाईलने फोटो काढा. मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल असे वेगवेगळे आलटून पालटून येत असतील तर रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही, ड्रायव्हरमुळेही (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) येतात पण दर वेळी वेगळाच एरर हे रॅमचं नेहमीचं लक्षण. कर्नल डेटा इनपेज एरर आला तर डिस्क किंवा तिची केबल आधी बघा. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची एररची नोंदवही, उघडून सिस्टीम लॉगमध्ये डिस्क नावाने आलेले ७, ५१, १५३ नंबरचे इव्हेंट आहेत का ते शोधा, ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरचा खराब भाग, सापडला. कर्नल पॉवर ४१ बघून घाबरू नका, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो, का ते सांगत नाही. जिथे लाईट सारखी जाते-येते तिथे यूपीएसची बॅटरी धड आहे का तेही याच वेळी बघून टाका.

आता बॅकअप. ही पायरी कुणीही सोडू नये असं मला मनापासून वाटतं. फक्त महत्त्वाच्या फाईली आधी, फोटो, हिशोब, कामाच्या फाईली, मग बाकीचं. आणि जुना बॅकअप असेल तर त्याच्यावरच नवीन कॉपी करू नका, वेगळं फोल्डर करा, कारण रॅम खराब असेल तर कॉपी होतानाच फाईल बिघडू शकते आणि मग जुनी चांगली प्रतही जाईल. हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर काहीच टेस्ट करू नका, मशीन बंद करा, डेटा हवाच असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या, प्रत्येक वेळी चालू केल्याने ती अजून जाते.

विंडोज ११ वाल्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा आपल्याला न कळता एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप, विंडोजमध्ये त्याचं नाव बिटलॉकर) चालू असतं, आणि पेन ड्राईव्हवरून मशीन सुरू करायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) सिक्युअर बूट ही सुरक्षा बंद केली की पुढच्या वेळी मशीन ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमधून बघून वहीत उतरवा. ही की नसल्यामुळे सगळा डेटा अडकून बसलेली माणसं मी पाहिलीत.

मग पहिली टेस्ट रॅमची, डिस्कची नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. चेकडिस्क हे विंडोजचं टूल डिस्कवरची फाईलींची रचना दुरुस्त करतं ते रॅममध्ये वाचून, आणि रॅमच खोटं बोलत असेल तर दुरुस्तीच्या नावाखाली चांगलं असलेलं मोडलं जातं. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, स्टार्टमध्ये शोधलं की सापडतं, पण त्यातून काही निघालं नाही म्हणजे रॅम चांगली असं धरू नका. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राईव्हवर टाका आणि रात्री लावून झोपा, कमीत कमी चार पास, म्हणजे पूर्ण टेस्टच्या चार फेऱ्या, होऊ द्या. एक जरी एरर आला तरी तो एररच, एवढ्याने काय होतंय असं म्हणू नका. फक्त एरर आल्यावर लगेच नवीन रॅम घ्यायला पळायचं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून परत टेस्ट लावा, ३२०० वर चालवलेली डीडीआर४ रॅम २१३३ वर व्यवस्थित चालते असं बऱ्याचदा होतं. तरी एरर असेल तर स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, स्टिक काढून सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसा, चुरा ब्रशने झाडा आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. मग एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये, आणि नंतर जी चांगली निघाली ती बाकीच्या स्लॉटमध्ये फिरवून बघा, कारण दोष कधी स्लॉटचा पण असतो. मामांच्या मशीनमध्ये एक ८ जीबीची स्टिक पहिल्या पासमध्येच लाल ओळी दाखवायला लागली, दुसरी रात्रभर स्वच्छ. लॅपटॉपची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर हे काही करता येत नाही, थेट सर्व्हिसवाल्याकडे.

रॅम पास झाली की डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, पण नुसतं वरचं गुड वाचून बंद करू नका. खाली ०५, सी५, सी६ या ओळींचे आकडे बघा, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), लटकलेले सेक्टर आणि वाचताच न आलेले. ते आकडे सोळा पायाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून साधे करून घ्या. सी५ आणि सी६ शून्य नसतील तर बॅकअप पूर्ण झालाय ना ते आजच बघा आणि त्या डिस्कवर कामाचं काही ठेवू नका. सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा, तिथे ती जास्तीची साटा केबल कामाला येते, बदलल्यावर जुना आकडा कमी होत नाही, पुढे वाढायचा थांबतो का ते बघायचं, म्हणून तारीख घालून वहीत लिहा. एनव्हीएमई एसएसडीला (थेट बोर्डावर बसणारी, साटा केबल न लागणारी डिस्क) या ओळी नसतात, तिथे मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स (बिघडलेल्या डेटाची मोजणी) आणि अव्हेलेबल स्पेअर (राखीव जागा किती उरली) बघा.

आकडे चांगले असतील तरच डिस्कच्या कंपनीच्या टूलने, सीगेटचं सीटूल्स वगैरे, लाँग टेस्ट लावा आणि मग चेकडिस्कला आर (chkdsk /r, खराब सेक्टर शोधणारा पर्याय) लावून चालवा. आजारी डिस्कवर चेकडिस्क आर चालवणं मला अजिबात पटत नाही, ते तासन् तास वाचत बसतं आणि उरलेला जीव काढून घेतं, त्यापेक्षा लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून डीडीरेस्क्यू या आजारी डिस्कची कॉपी काढणाऱ्या टूलने नव्या डिस्कवर कॉपी काढा. एसएफसी स्कॅननाऊ, डीआयएसएम हे विंडोजच्या फाईली दुरुस्त करायचे कमांड, हे सगळं हार्डवेअर स्वच्छ निघाल्यावरच.

रॅमचं बिल शोधून ठेवा, बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी मोठी असते, आणि दोनची किट म्हणून घेतली असेल तर दोन्ही स्टिक मागू शकतात, म्हणजे मधल्या काळात मशीन कशावर चालवायचं ते आधी ठरवा. बदलून आलेली स्टिक लावली की त्याच रात्री परत मेमटेस्ट, सकाळी शून्य एरर दिसल्यावरच कामाच्या फाईली उघडा.