वर्कफ्लो लायब्ररीत शोधूनही सापडत नाही? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधला कारखाना असो, नौपाड्यातलं सीएचं ऑफिस असो की वाशीच्या एपीएमसीतला गाळा, ऑटोमेशन लावून घेणारा माणूस "मला वेबहुक हवाय", म्हणजे दुसऱ्या सेवेचा निरोप घेणारा वेब-पत्ता हवाय, असं म्हणत नाही. तो म्हणतो, "पार्टीला बाकीची आठवण वेळेवर गेली पाहिजे." वर्कफ्लो म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, आणि अशा तयार वर्कफ्लोंचा साठा म्हणजे लायब्ररी. तिचे विभाग पाडताना कान याच वाक्याकडे हवा.

म्हणूनच अ‍ॅपच्या नावाने विभाग पाडणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. जीमेल, गुगल शीट्स, व्हॉट्सअ‍ॅप असे कप्पे केले, तर उधारीची आठवण कुठे ठेवणार? ती तिन्हींना हात लावते. तिघे जण तीन ठिकाणी ठेवतात आणि त्यातली चालू प्रत कोणती, हे कोणीच सांगू शकत नाही. विभाग कामावरून पाडा: वसुली, जीएसटी-टीडीएस, हजेरी-पगार, खरेदी-साठा, ग्राहकांची चौकशी. एका वर्कफ्लोला विभाग एकच. अ‍ॅपची नावं टॅगमध्ये जाऊ द्या. 'इतर' हा विभाग मात्र उघडूच नका, निम्मी लायब्ररी तिथेच जाऊन पडते.

'टेस्ट २ फायनल' हे नाव नव्हे. 'जीएसटीआर-१ मासिक, ११ तारखेआधी क्लायंटला आठवण' हे नाव. 'मासिक' हा शब्द गाळू नका, कारण जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) तिमाही भरणाऱ्यांची मुदत १३ तारखेची असते. खाली दोन ओळींच्या वर्णनात लोक वापरतात ते सगळे शब्द येऊ द्या: उधारी, बाकी, येणं, पेमेंट रिमाइंडर.

मराठीत शोधल्यावर भलतंच येतं

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. लायब्ररीचा शोध एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधयंत्रणेवर चालत असेल, तर तिचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंक तेवढे शब्दात धरतो. काना, मात्रा, उकार, वेलांटी आली की शब्द तिथेच तोडतो. 'पुणे' आणि 'पाणी' या दोन्हींचे मग 'प' आणि 'ण' एवढेच तुकडे उरतात. पुण्याच्या डिलिव्हरीचा वर्कफ्लो शोधायला जावं आणि पाणीपट्टीचा समोर यावा, तो यामुळे. टोकनायझरच्या कॅटेगरीज (categories) पर्यायात एमएन आणि एमसी (Mn, Mc) हे काना-मात्रांसारख्या खुणांचे युनिकोड प्रकार जोडा आणि इंडेक्स (शोधाची सूची) नव्याने बांधा. 'वसुली' टाकल्यावर 'वसुलीची' हेही सापडायला हवं असेल, तर शब्दाच्या शेवटी तारांकन लावा.

एवढं करूनही 'कर्मचाऱ्यांचा पगार' सापडत नसेल, तर दोष 'ऱ्या'चा असू शकतो. काही कीबोर्ड तिथे स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर टाकतात, काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) हा फरक मिटवत नाही. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

फाइल ठेवण्याआधी उघडून बघा

एनएटएन (n8n) या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमधून वर्कफ्लो एक्सपोर्ट केला की त्याच्या जेसन (JSON) फाइलमध्ये क्रेडेन्शियलचं, म्हणजे साठवलेल्या लॉगिनचं, नाव आणि आयडी जातो, पासवर्ड जात नाही. एवढ्यावर निर्धास्त राहू नका. एचटीटीपी रिक्वेस्ट नोड (दुसऱ्या सेवेला विनंती पाठवणारी पायरी) कर्ल कमांड (तीच विनंती लिहिलेली तयार ओळ) चिकटवून बनवला असेल, तर हेडरमधला (विनंतीसोबतच्या माहितीतला) टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, तसाच फाइलमध्ये जाऊ शकतो. चाचणीसाठी पिन केलेला (वर्कफ्लोतच धरून ठेवलेला) डेटाही सोबत जातो, म्हणजे एखाद्या ग्राहकाचा मोबाइल नंबर किंवा पॅन. लायब्ररी ऑफिसात चार जण उघडतात. ग्राहकाने ती माहिती त्यांच्यासाठी दिलेली नसते. पिन काढा, हेडर तपासा, मगच फाइल ठेवा.

लायब्ररीतून घेतला, पण चालत नाही

आधी वेबहुकचा पत्ता बघा. तोच पत्ता आणि विनंतीची तीच पद्धत (गेट, पोस्ट वगैरे) दुसऱ्या चालू वर्कफ्लोकडे असेल, तर हा सुरू होणार नाही. मग टाइमझोन. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं एनएटएन मुळात न्यूयॉर्कच्या वेळेवर असतं, त्यामुळे सकाळी ९ वाजताचा हजेरीचा मेसेज आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३० ला आणि हिवाळ्यात ७.३० ला येतो, कारण तिथलं घड्याळ ऋतूनुसार तासभर सरकतं. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता निवडा आणि वेळेवर चालणाऱ्या प्रत्येक वर्कफ्लोच्या वर्णनात तो कोणत्या टाइमझोनवर आहे, तेही लिहून ठेवा.