‘मॅडम, इम्पॅक्ट फॅक्टर 7.8 आहे म्हणे. लेख पाठवू का?’

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात महिन्यातून एकदा तरी कुणी प्राध्यापक मोबाइल पुढे करून हे विचारतात. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादी (त्यांनी मान्य केलेल्या संशोधन-जर्नलांची यादी) बंद केली, तेव्हापासून जास्तच. माझा उलटा प्रश्न ठरलेला: ‘सर, हा आकडा दिला कुणी?’

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या अलीकडच्या लेखांचे इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिले तो आकडा. खरा क्लॅरिव्हेट कंपनी काढते, दरवर्षी जूनमध्ये. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असलं काही पुढे चिकटवलेलं दिसलं की मोबाइल परत द्यायचा. जर्नल क्लॅरिव्हेटकडे आहे का, हे त्यांच्या मास्टर जर्नल लिस्टवर फुकट कळतं. शोधताना नाव नको, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाका. एका नावाची दोन-तीन जर्नलं निघतात, शिवाय नामांकित जर्नलच्या हुबेहूब नकली वेबसाइटही असतात. (आयएसएसएन हा दर्जाचा शिक्का नव्हे. तो पाककृतींच्या मासिकालाही मिळतो. हे मी किती वेळा सांगितलंय!)

आकडा खरा निघाला तरी तो उघडून बघा. समजा 2022 आणि 2023 मिळून 80 लेख छापले आणि 2024 मध्ये त्यांचे संदर्भ 120 वेळा दिले गेले, तर 2024 चा फॅक्टर 1.5. म्हणजे नुसती सरासरी. एखादाच लेख ती कुठल्या कुठे नेतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’मध्ये 2008 साली जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या प्रोग्रामवर लेख आला. स्फटिकरचना काढणारा जो तो त्याचाच संदर्भ देऊ लागला आणि 2 च्या आसपासचा फॅक्टर 2009 मध्ये 49.9 झाला! बाकीचे लेख होते तिथेच. दोन वर्षांची मुदत सरली, 2011 मध्ये आकडा पुन्हा 2 वर. म्हणून मी मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढते.

वैद्यकाचा आकडा गणिताशी ताडू नका. शिमॅगो या जर्नलांची क्रमवारी लावणाऱ्या साइटवर जर्नल आपल्या विषयात कितव्या चतुर्थकात (वरच्या पाव भागात की खालच्या) बसतं ते दिसतं, तेही फुकट.

इतिहास आणि मराठीवाल्यांना मात्र यातलं फारसं काही लागू पडत नाही. तिथे चाळीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा संदर्भ आजही देतात. दोन वर्षांत काय मोजणार? त्यांना मी त्यांच्याच प्रबंधाची संदर्भसूची उघडायला लावते. ज्या जर्नलचं नाव तिथे चार-पाचदा आलंय, पहिला लेख तिकडे पाठवा.