जत्रेच्या हंगामाआधी छोट्या वाहची तयारी

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते, देवीचा कौल झाला की ठरते. आमच्या ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्याही तशाच, कधीकधी दोन दिवस आधी फोन. म्हणून दिवाळी सरली की गिटारच्या बॅगेतलं सामान तपासून ठेवायचं, आणि त्यात पहिला नंबर वाहचा, म्हणजे पायाने खाली-वर केलं की गिटारला ‘वा-वा’ असा आवाज देणाऱ्या पेडलचा. डिले (प्रतिध्वनी देणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज जाडसर, फाटका करणारा) पावसाळाभर पडून राहिले तरी बहुतेक वेळा मुकाट चालू होतात. वाहमध्ये हलणारे भाग असतात, आणि मालवण-देवगडची खारी हवा त्यांना सोडत नाही.

अजून घ्यायचाच असेल तर छोटाच घ्या, असं मी एसटीने आणि दुचाकीने फिरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मोठ्या वाहचा आकार आला ऑर्गनवरून: १९६६च्या सुमारास अमेरिकेतल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांनी हे फिल्टरचं सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या सांगाड्यात बसवलं, आणि तेच माप पुढे चालत आलं. डनलॉपचा क्राय बेबी मिनी आत तोच आवाज देतो आणि पोटातल्या एका बारीक स्विचने आवाजाचा पोत तीन प्रकारे बदलता येतो. हॉटोनचा सोल प्रेस वाह, व्हॉल्यूम आणि एक्स्प्रेशन (दुसऱ्या उपकरणाची सेटिंग पायाने बदलणं) अशी तिन्ही कामं करतो. दोन्ही चांगले. मी क्राय बेबी वापरतो.

घरी पहिलं काम म्हणजे खालची पत्रा-प्लेट उघडून आत बघणं. पाय दाबला की एक दातेरी पट्टी खाली-वर होते, ती पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखाली असतो तशा फिरत्या भागाच्या) दांड्यावरचं छोटं चाक फिरवते आणि फिल्टरचं शिखर, म्हणजे सर्वांत उठून ऐकू येणारा पट्टा, साधारण ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झच्या आसपास सरकतं. तोच ‘वा’. पाय हलवताना खरखर येत असेल तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पेडल तीस-चाळीस वेळा खाली-वर करा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको, त्यावर धूळ आणि वाळू चिकटते. चाक सोडवायची वेळ आलीच तर आधी पेनाने खूण करा. एक दात इकडचा तिकडे झाला तरी ‘वा’ अर्ध्यावर अडकतो.

आता पाय. हे मी सविस्तर लिहितोय, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे अर्धे कार्यक्रम देवळाच्या आवारात होतात आणि चपला बाहेर राहतात. वाहचा स्विच पेडलच्या पुढच्या टोकाखाली असतो, टाचेपासून पुढे झुकून जोर दिल्यावर ‘टक’ होतो. बुटात हे कळतही नाही. पहिल्यांदा सभामंडपात अनवाणी उभा राहिलो तेव्हा दोनदा दाबूनही वाह लागला नाही, सोलो कोरडाच गेला आणि अंगठ्याखाली काळंनिळं झालं. घरी येऊन आत बघितलं तर स्विच जरा खोल बसला होता. त्याचा नट सैल करून तो किंचित वर घेतला, तेव्हापासून हलक्या दाबात लागतो. फार वर घेऊ नका, नाहीतर वाजवता वाजवताच बंद पडेल. छोट्या पेडलवर पाऊल पूर्ण मावत नाही, म्हणून टाच जमिनीवर टेकवून फक्त घोट्याने हलवायचं. हालचाल कमी, पण आवाज तेवढाच लांब फिरतो. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, अनवाणी, डावा हात तारांवर हलकेच ठेवून नुसतं ‘चका-चका’ वाजवा: ठोक्यावर पेडल टाचेकडे, मधल्या मात्रेवर बोटांकडे.

हलकं पेडल सारवलेल्या जमिनीवर किंवा ताडपत्रीवर सरकतं. मी जुन्या फणसाच्या पाटावर वेल्क्रो लावून वाह आणि ओव्हरड्राइव्ह बसवलेत. पाट हलत नाही आणि पायही त्यावरच राहतो. त्याखाली रबरी चटई घ्याच, कारण खरा धोका वेगळा आहे. पेडलमध्ये फक्त ९ व्होल्ट असतात, पण केबलमधून गिटारच्या तारा अँपच्या धातूला जोडलेल्या असतात. जनरेटरचं अर्थिंग नीट नसेल, जमीन ओली असेल आणि पाय उघडे असतील, तर माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो. खिशात टेस्टर ठेवा. तार आणि माइकची जाळी दोन्ही तपासल्याशिवाय गिटार गळ्यात घालू नका, आणि टेस्टर पेटला तर साउंडवाल्याने दुरुस्त करेपर्यंत वाजवू नका. मंडळाच्या पोरांना राग आला तरी चालेल.

अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह. घरातल्या वायफाय राउटरचा अ‍ॅडाप्टर पिनेला बसतो म्हणून लावू नका, तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह असतो. १०० ते २४० व्होल्ट छापलेला घेतला तर जनरेटर खाली-वर झाला तरी सांभाळून घेतो. एक जादा ठेवा. पुष्कळशा छोट्या वाहमध्ये बॅटरीची जागाच नसते.

जोडणी गिटार, मग वाह, मग ओव्हरड्राइव्ह, शेवटी डिले. जुन्या धर्तीचा फझ (आवाज आणखी खरखरीत करणारा पेडल) वाहच्या नंतर लावला तर शिट्टी येते किंवा ‘वा’ मरतो, तेव्हा दोघांमध्ये बफर (सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट) हवा.

साउंड चेकला पेडल पूर्ण पुढे दाबून ठेवा आणि मैदानाच्या मागच्या टोकाला कुणाला तरी उभं करा. कर्ण्यांमधून तो आवाज कानात घुसतो. गिटारचा टोन सहा-सातवर आणला की बसतो. कुणकेश्वरसारख्या समुद्राला लागून असलेल्या जागी माझ्या कानाला पाचच बरा वाटतो.

कार्यक्रम संपला की टेम्पोत सामान चढण्याआधी पाच मिनिटं काढा. कोरड्या फडक्याने पेडल पुसा, वाळू रंगाच्या ब्रशने काढा, जॅक दोन-तीनदा आत-बाहेर करा. मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात, पण त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, जेवणाचं नको.