रिलोडिंगची पहिली खरेदी : या चुका टाळा

झाडून झालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरण्याला रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी केंद्रीय परवाना लागत नाही; विक्रीसाठी भरायची असतील तर मात्र लागतो, आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील मजकूर अमेरिकेत राहून तिथल्या रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठीच आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

बहुतेक नवशिके प्रेसवर, म्हणजे काडतुसे भरण्याच्या दांड्याच्या यंत्रावर, पैसे ओततात आणि वजनकाट्यावर काटकसर करतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसच्या दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक तयार काडतूस बाहेर पडते, कारण पुंगळी आकारात आणणे, प्रायमर (बार पेटवणारी तळाची टोपी) बसवणे, पावडर म्हणजे दारू टाकणे आणि गोळी बसवणे ही कामे वेगवेगळ्या पुंगळ्यांवर एकाच वेळी चालू असतात. नवख्या नजरेला त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणे जमत नाही. साध्या सिंगल स्टेज प्रेसवर पन्नासही पुंगळ्यांवर आधी एकच काम उरकावे लागते आणि मगच पुढचे काम हाती घेता येते. हा संथपणा अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण चूक दिसते ती त्याच्यामुळेच.

काट्याचे गणित नीट समजून घ्यावे. पावडर ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात 7000 ग्रेन असतात, म्हणजे एक ग्रेन सुमारे 0.065 ग्रॅम. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा या हिशेबाने दीड ग्रेनच्या टप्प्यांनी मोजतो, आणि पिस्तुलाच्या काडतुसात मुळात मोजके ग्रेनच पडत असतील तर हा फरक जीवघेणा ठरतो. काटा 0.1 ग्रेनपर्यंत मोजणारा हवा आणि त्यासोबत प्रमाणित वजनेही हवीत. सुरुवातीला माझ्या काट्यावरचा आकडा दर मोजणीला दोन-तीन दशांशांनी सरकत असे. तासभर मी पावडर टाकणाऱ्या मापकाला दोष देत त्याचे स्क्रू फिरवत बसलो. शेवटी दोष निघाला तो डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा. एसीचा झोत किंवा शेजारी ठेवलेला मोबाइल यांनीही असाच गोंधळ होऊ शकतो.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडणे. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, त्यामुळे आतून प्रशस्त असते. आजच्या धूररहित पावडरीचे नेहमीचे माप तिचा तळाकडचा थोडासाच भाग भरते आणि दुप्पट माप पडले तरी ते आत सहज मावते, काठावर काहीच जाणवत नाही. म्हणून लोडिंग ब्लॉक आणि चांगला दिवा या स्वस्त वस्तू यादीत वर ठेवाव्यात. भरलेल्या पन्नास पुंगळ्या ब्लॉकमध्ये ओळीने उभ्या करून वरून उजेड पाडला, की एखादीतली पावडर वर आलेली किंवा एखादी रिकामी राहिलेली लगेच नजरेत भरते. गोळी बसवण्याआधी ही पाहणी एकदाही चुकवू नये.

टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा ठेवावा. एच 4831 आणि आयएमआर 4831 यांचा आकडा एकच असला तरी त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि एकीची मापे दुसरीला लावणे धोक्याचे आहे. काम संपले की मापकातली उरलेली पावडर मूळ डब्यात परत ओतावी. आठवड्याने ती कोणती होती हे आठवत नाही, आणि काही पावडरींमुळे प्लास्टिकही खराब होते. मापे चालू आवृत्तीच्या लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यावीत आणि सुरुवात तिथे दिलेल्या किमान मापाने करावी. ऐकीव आकड्यांवर विसंबू नये.

रायफलची पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला आकारात आणणाऱ्या साच्यात, अडकून बसणे हा नवशिक्याचा ठरलेला अनुभव. कार्बाइड डायमध्ये पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या वंगणाविना चालतात, पण .308 सारख्या रायफलच्या निमुळत्या गळ्याच्या पुंगळीला वंगण लागतेच. ते जास्त झाले तर पुंगळीच्या खांद्यावर (गळ्याखालच्या उतारावर) खळगे पडतात. अडकलेली पुंगळी ओढण्यासाठी दांड्यावर जोर लावला, तर तिची कड फाटते आणि काम आणखी वाढते. त्यासाठी मिळणारा ‘स्टक केस रिमूव्हर’ आधीच घेऊन ठेवावा. कॅलिपरही हवाच, कारण पितळ दर वापरागणिक लांबत जाते: .308 विंचेस्टरची पुंगळी 2.015 इंचांपलीकडे गेली की ती छाटावी लागते.

चष्मा लावल्याशिवाय प्रायमरला हात लावू नये. पुंगळ्या घासणाऱ्या टंबलरच्या धुळीत शिसे असते, त्यामुळे तो घरात चालवू नये आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आणि रेंजवर एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला, तर दुसरा झाडू नये. प्रायमर उडाला पण पावडर पडलीच नव्हती, असे झाले असल्यास गोळी नळीत अडकलेली असते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडू शकते. नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून थोडे थांबावे, शस्त्र पूर्ण रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.