आईचं स्विस घड्याळ पुन्हा चालू झालं

बाबांनी आईला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेलं, सोनेरी पट्ट्याचं नाजूक क्वार्ट्झ घड्याळ. वर्षभरात तीन सेल बदलले, तरी दर चार महिन्यांनी बंद! शेवटच्या वेळी सेल मी समोर बसून काढायला लावला. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, आणि त्यावर बारीक अक्षरं: एलआर ६२१. म्हणजे अल्कलाइन. मापाने चपखल बसतो, पण त्याचा दाब १.५ व्होल्टवरून हळूहळू उतरत जातो. या घड्याळाला हवा एसआर ६२१ एसडब्ल्यू, सिल्व्हर ऑक्साइडचा. तो १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो. दुसऱ्या कारागिराने तो बसवला, कडेला सुटलेली पांढरी पूड काढली आणि मागच्या झाकणाचं कडक झालेलं रबरी रिंगणही बदललं. ते मात्र विसरू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते.

आता दोन वर्षं झाली, घड्याळ बिनतक्रार चालतंय. सेकंदकाटा चार-चार सेकंदांची उडी मारू लागला तर यंत्र बिघडलं असं समजू नका. सेल संपत आल्याची ती खूण असते. लगेच बदला, संपलेला सेल आत राहिला की गळतो.

आई रोज सकाळी ते कानाशी धरते.