नाटकाच्या कॉलेजात मुलांना पाठवताना : बेळगाव सीमाभागातल्या पालकांसाठी

बारावीची परीक्षा संपते आणि मुलगी सांगते, "मला नाटकच शिकायचंय." घरात लगेच पोटापाण्याचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीच्या मराठी घरात त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, जो पुण्यातल्या पालकाला कधी पडत नाही : प्रवेशाच्या अर्जावर आपलं मूल कुठल्या राज्याचं धरलं जाणार? जागा, आरक्षण, शिष्यवृत्ती, सगळं यावरून ठरतं. भाषेनं आपण मराठी, कागदानं कर्नाटकचे. दोन्ही गोष्टींचा उपयोग करून घेता येतो, फक्त वर्षभर आधी कामाला लागलं पाहिजे.

मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे "आपल्याकडे कुठं नाटक?" असं म्हणून मुलांचा उत्साह मोडू नका.

पहिली पायरी : मूल तालमीत टिकतं का ते पाहा

गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळणं वेगळं आणि दोन महिने रोज संध्याकाळी तालमीला जाणं वेगळं. गावातल्या एखाद्या हौशी संस्थेत किंवा कॉलेजच्या एकांकिकेच्या चमूत मुलाला एक हंगाम काढू द्या. भूमिका मिळाली नाही तर तो प्रकाशयोजनेला, नेपथ्याला हातभार लावतो का, की घरी बसतो? हे पालकाला घरबसल्या कळतं. पडद्यामागच्या कामात रमणारी मुलं नाट्यशाळेत जास्त टिकतात असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, प्रमाणपत्र, फोटो एका फाईलमध्ये ठेवत जा. पुढं राष्ट्रीय पातळीवरच्या अर्जात नाट्यप्रयोगांचा अनुभव विचारतात, तेव्हा ही फाईलच कामी येते.

दुसरी पायरी : भाषा पाहून संस्था निवडा

नाटक हे बोलण्याचं शिक्षण आहे, म्हणून तालीम कुठल्या भाषेत होणार हा पहिला निकष ठेवा.

मराठीतून शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथं नाटकात पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स पदवीनंतरची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, रविवारी घरी येऊन जाता येईल इतकं ते जवळ. चोर्ला घाट उतरला की पणजीत कला अकादमीचं नाट्यमहाविद्यालय. गोव्याचं नाव आपल्याकडे पटकन कुणी घेत नाही, पण घ्यायला हवं.

कन्नडमध्ये बोलण्याची मुलाची तयारी असेल तर वाट आणखी रुंद होते. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूची नीनासम ही के. व्ही. सुब्बण्णांनी उभी केलेली संस्था. तिथली नाट्यशाळा १९८० पासून चालू आहे. मैसूरची रंगायण १९८९ मध्ये ब. व. कारंतांच्या हाताखाली सुरू झाली, तिथंही नाट्यशिक्षण मिळतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं बेंगळुरू केंद्र दक्षिणेकडच्या राज्यांतल्या उमेदवारांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतं. तिथं कर्नाटकचा रहिवासी असणं तुमच्या उपयोगी पडतं. मराठी शाळेत शिकून कन्नडही बोलणारी आपली मुलं तिथं कुणापेक्षा कमी नाहीत. उलट दोन भाषांमध्ये वावरलेला कान नटाला फार उपयोगी पडतो. कन्नड संस्थेत गेलं म्हणजे मराठी सुटलं, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना शांतपणे समजावा. तिथं शिकलेली मुलं परत येऊन मराठी नाटक करू शकतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. तिथं हिंदी चांगली लागते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. बारावीनंतर लगेच तिथं जाता येत नाही, हे मुलांना आधीच सांगा.

म्हणून अनेक घरांना मी हा मार्ग सुचवेन : बेळगावातच कुठल्याही विषयात पदवी, सोबत तीन वर्षं सातत्यानं नाटक, आणि मग दिल्ली, बेंगळुरू किंवा मुंबई. यात घरचं जेवण सुटत नाही, पदवी हाताशी राहते आणि अनुभवाची फाईलही जाड होते. ज्या मुलाला नाटकाशिवाय दुसरं काही सुचतच नाही त्याला मात्र बारावीनंतरच पुण्याला जाऊ द्या. नाहीतर तीन वर्षं नावडत्या विषयात घालवून तो हिरमुसेल.

तिसरी पायरी : कागद

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो. कागदपत्रांवर आधी गावाचं नाव तपासा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून बेळगाव शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग आणि आधारवर नवं, असं बऱ्याच घरांत आहे. त्यानंतर मुलाचं नाव. कर्नाटक बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी नाव आणि पुढं वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं, तर आधारवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव सगळं पूर्ण. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या खिडकीवर हे दोन कागद शेजारी ठेवले की कारकून थबकतो. एकच व्यक्ती असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र निकालाच्या आधीच करून ठेवा. आधार दुरुस्त करता येत असेल तर तेच जास्त बरं.

दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, आणि तिथलं विद्यापीठ पात्रता प्रमाणपत्रही मागतं. उत्पन्न, जात, रहिवास हे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून मिळतात. कन्नड दाखला बाहेर कुणाला वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी प्रत किंवा नोटरी केलेला अनुवाद जवळ ठेवा.

जातीच्या दाखल्याबद्दल गैरसमज फार आहेत. कर्नाटकात मराठा समाज ३ ब या मागास प्रवर्गात आहे, पण हा राज्याचा प्रवर्ग. महाराष्ट्रात किंवा केंद्रीय संस्थेत तो चालत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांनाही दुसऱ्या राज्याच्या कोट्यात साधारणपणे खुल्या गटातच धरतात. केंद्रीय संस्थेत मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो, तो वेगळा काढून घ्या.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय प्रवेशात सीमाभागाचा वेगळा गट आहे. त्यासाठी विवादित सीमाभागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याची प्रमाणपत्रं लागतात. नाट्य विभागांचे प्रवेश त्या प्रक्रियेतून होत नाहीत. म्हणून विभागप्रमुखांना ईमेल करून थेट विचारा : सीमाभागाच्या विद्यार्थ्याला राखीव जागा आहे का, फीमध्ये सवलत आहे का, कुठला दाखला लागेल? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं आश्वासन प्रवेशाच्या दिवशी कामी येत नाही.

चौथी पायरी : ऑडिशन

साधारणपणे स्वगत, गाणं किंवा ताल, उत्स्फूर्त प्रसंग आणि मुलाखत असते. परीक्षक बहुतेक वेळा मध्येच थांबवतात आणि सांगतात, "हेच आता तुझ्या आजीला समजावतोयस असं कर." घोकून आलेलं मूल तिथं अडतं. म्हणून घरी तेच स्वगत वेगवेगळ्या तऱ्हांनी करून घ्या : भाकरी थापताना, कुजबुजत, पाठमोरं उभं राहून. पालकांनी अभिनय सुधारायला जाऊ नये, फक्त ऐकावं, आणि कुठं शब्द कळला नाही तेवढं सांगावं.

आपल्या बोलण्याला बेळगावचा हेल आहे, कन्नडची लय आहे. त्याची लाज मुलाच्या मनात भरवू नका. प्रमाण मराठी तर यायलाच हवी, पण हेल पुसून टाकायच्या नादात मूल अवघडतं, आणि ते लगेच दिसतं. दोन स्वगतं करायची असतील तर एक त्याला आपल्या बोलीत करू द्या.

पाचवी पायरी : पैसा

सरकारी विद्यापीठाची फी पाहून हायसं वाटतं, पण खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. हिशेब मांडायला उदाहरण घेऊ. खोली आणि मेस मिळून महिना ९ हजार धरले, वर्षाचे १० महिने, तर तीन वर्षांत २ लाख ७० हजार होतात. यात प्रवास, तालमीचे कपडे, पुस्तकं, नाटकाची तिकिटं आली नाहीत. संध्याकाळी तालीम असते, त्यामुळे अर्धवेळ नोकरी करून मूल खर्च भागवेल हे गृहीत धरू नका.

समजा दरवर्षी १ लाख असं ३ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच राहतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी ते साधारण ९० हजार होतं. मग ३ लाख ९० हजारांवर सात वर्षं महिना सुमारे साडेसहा हजारांचा हप्ता. नाटकातली पहिली काही वर्षं मिळकत अनियमित असते, तेव्हा हा हप्ता मूल भरेल असं धरूच नका. तुमच्या पगारातून भरता येईल तेवढंच कर्ज काढा, आणि जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत जा.

बँकेत जाण्यापूर्वी पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था आहे का ते पाहा. त्यात तारण आणि जामीन लागत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. जुनी करप्रणाली घेतली असेल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते.

महाडीबीटी या महाराष्ट्र शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या मुख्यतः महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी, सीमाभागातल्या विद्यार्थ्याला त्यातली एखादी मिळते का ते आधी विचारून घ्या. आपलं मुख्य दार कर्नाटकच्या एसएसपी या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्य देतं, मूल बाहेरच्या राज्यात शिकत असलं तरी. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. कर्नाटकची अरिवू कर्जयोजना मुख्यतः सीईटीतून मिळणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तिच्यावर विसंबू नका.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती नाटकालाही आहे : वय १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५ हजार. आधी काही वर्षं गुरूकडे शिकलेलं असावं लागतं. धाकटं भावंड १० ते १४ वर्षांचं असेल तर सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती त्याच्यासाठी आहे.

सहावी पायरी : यादी लागल्यावर

पहिल्या यादीत नाव आलं तर मूळ कागद जमा करण्यापूर्वी सगळ्याच्या रंगीत प्रती आणि स्कॅन ठेवा, नाहीतर बँक आणि शिष्यवृत्तीचं काम अडतं. वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी द्या. नाव प्रतीक्षा यादीत असेल तर बेळगावातल्या कॉलेजचा प्रवेश रद्द करू नका, आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख लिहून ठेवा. नावच आलं नाही तर ऑडिशनमध्ये नेमकं काय विचारलं ते मुलाकडून त्याच आठवड्यात लिहून घ्या. पुढच्या वर्षाची तयारी तिथूनच सुरू होते.